कपाटातला लाल दिवा

आमच्या कचेरीत पावसाळाभर कपाटात बल्ब जळत असे. चाळीसचा साधा पिवळा बल्ब, जूनपासून दसऱ्यापर्यंत रात्रंदिवस चालू. रत्नागिरीत ज्याने एक पावसाळा काढला आहे त्याला याचं कारण सांगायला नको. बंद पेटीत ठेवलेल्या चपलांना महिन्याभरात पांढरी बुरशी येते, फायली फुगतात, काडेपेटीतली काडी ओढली तर गुल नुसतं पुसलं जातं. म्हणून जे जपायचं ते बल्बाच्या उबेत ठेवायचं. आमच्याकडे सगळ्यात जपायची वस्तू होती मोडेम.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. भाट्याच्या पुलापलीकडे, चढण चढून वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, आमची छोटी सरकारी कचेरी होती. तालुक्यातालुक्यातून पावसाचे आणि खाड्यांच्या पाण्याचे आकडे आमच्याकडे येत आणि ते रोज मुंबईला पाठवावे लागत. आधी ते काम फोनवर ओरडून चाले. मग एक संगणक आला आणि त्याच्याबरोबर मोडेम. बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढी तपकिरी पत्र्याची पेटी. संगणकाच्या खुणांचा ती आवाज करायची, तो आवाज टेलिफोनच्या तारेवरून मुंबईला जायचा आणि तिथली दुसरी पेटी त्या आवाजाच्या पुन्हा खुणा करायची. त्यासाठी शहरातल्या एक्स्चेंजपासून आमच्यापर्यंत खास एक जोडतार दिलेली होती. तिच्यावर दुसरं कुणी बोलत नसे.

पेटीच्या तोंडावर हिरव्या दिव्यांची रांग, एका टोकाला बारीकसा लाल दिवा आणि खाली दोन बटणं होती. त्यातलं एक चाचणीचं. ते दाबलं की आत रुतून बसायचं, लाल दिवा लागायचा, पेटी तारेपासून सुटायची आणि स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकवायची. आपण टाइप केलेलं जसंच्या तसं पडद्यावर परत आलं की पेटी ठणठणीत. मग बटण पुन्हा दाबून बाहेर काढायचं. दर सोमवारी सकाळी ही चाचणी करा, असं मुंबईच्या आठ दिवसांच्या प्रशिक्षणात मला शिकवलं होतं.

त्या आठ दिवसांनी माझं डोकं फिरवलं होतं, हे आज कबूल करतो. मी सव्वीस वर्षांचा होतो. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असे. साहेबांनासुद्धा मी म्हणायचो, "साहेब, तुम्ही हात नका लावू, सेटिंग बिघडेल." साहेबही पाहुण्यांना सांगत, "हा आमचा मुंबईला शिकून आलेला." शिपाई चहाचा कप घेऊन दारातच उभा राहायचा आणि म्हणायचा, "गाभाऱ्यात येऊ काय? सोवळं नाय नेसलंय मी."

आमच्या तारेचा लाइनमन गुहागरकडचा होता, हेदवीच्या अलीकडच्या एका वाडीतला. चाळिशीचा, काटक, बोटं तारेसारखीच वाकडी. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला "मशीनवाले" म्हणायचा. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता, आपल्या हाताच्या जॉइंटचा. तुटलेल्या तारेची दोन टोकं घासून, पिळून, वर मेण आणि पट्टी गुंडाळून तो असा सांधा करायचा की म्हणायचा, "तार तुटंल, पण माझा जॉइंट नाय सुटायचा."

त्या वर्षी श्रावण लागल्यापासून त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. त्याच्या भावकीत सहा घरं आणि गणपती एकच. एकेका वर्षी एकेका घरी पाळी. म्हणजे प्रत्येकाच्या घरी देव सहा वर्षांनी येणार. मागच्या पाळीला हा खात्याच्या कामावर मुंबईत होता, रजा मिळाली नाही. वडील त्याआधीच गेले होते. देव चुलतभावाने डोक्यावरून आणला होता.

"यंदा मीच आणायचा," तो सांगायचा. "नागपंचमीला मूर्तीसाठी पाट देऊन आलोय गणपतीच्या शाळेत. आवशीने बजावलंय, ह्या वक्ताला तुझेच पाय धुवीन मी दारात. तिला आता दिसत नाय धड, पण पाय ओळखंल म्हणते."

आवस म्हणजे आई. आमच्याकडे देव घेऊन येणाऱ्याचे पाय घरची बाई उंबऱ्यात धुते. त्याच्या आईला ते पाणी एकदा आपल्या मुलाच्या पायांवर घालायचं होतं, एवढंच. थकली होती ती. पुढची पाळी सहा वर्षांनी, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

चतुर्थी बुधवारी होती. सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे चाचणी केली. मध्येच साहेबांनी सणाच्या सुट्टीच्या यादीसाठी हाक मारली. मी कपाट लावलं आणि गेलो. बटण आत राहिलं.

दुपारी मुंबईहून फोन. तिकडचा माणूस आम्हाला गावाच्या नावानेच हाक मारायचा. "अहो रत्नागिरी, झोपलात का? तुमच्याकडून काही येत नाही. आवाजच नाही तारेवर."

मी कपाट उघडलं. हिरवे दिवे सगळे लागलेले. टाइप करून पाहिलं, तर पडद्यावर अक्षरं बरोबर परत आली. मला वाटलं, पेटी बरी आहे, म्हणजे दोष तारेत. माझीच अक्षरं माझ्याकडे परत येताहेत, हे डोक्यात आलं नाही. टोकाचा लाल दिवाही तेव्हा लागलेला असणारच. पण चाळीसचा बल्ब त्याच्या वीतभर अंतरावर जळत होता. त्या पिवळ्या उजेडात तो बारीक ठिपका दिसला नाही. दिसला नाही हे खरं आहे. इथपर्यंतची चूक मी कुणालाही सांगू शकलो असतो.

लाइनमनदादा सोमवारी संध्याकाळी आला. त्याने आमच्या भिंतीवरच्या खोक्यात आपला फोन अडकवून कान लावला. बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "मशीनवाले, तुमच्या पेटीची शिट्टी येत नाय तारेवर. पेटी बरी हाय ना? एकदा बघता काय?"

त्याने नेमक्या जागेवर बोट ठेवलं होतं. सातवी शिकलेला माणूस. आणि मी, शिपाई आणि साहेब ऐकत असताना, म्हणालो, "दादा, पेटीचं मला शिकवू नका. सगळे दिवे लागलेत. तुम्ही तार बघा."

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही शिकलेले."

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी साहेबांना मुंबईहून तंबी आली. पाऊस जोराचा आहे, पुढे सुट्ट्या आहेत, लाइन आजच्या आज सुरू झाली पाहिजे. साहेबांनी लाइनमनच्या वरिष्ठांना फोन केला आणि ठरलं की लाइन सुरू झाल्याची चिठ्ठी आमच्या कचेरीने दिल्याशिवाय लाइनमनला सोडायचं नाही. चिठ्ठीवर सही माझी.

तो सकाळी सायकलवरून आला तो तयारीनिशीच. पाठीला पिशवी. ती माझ्या टेबलाखाली ठेवताना त्याने तोंड उघडून दाखवली. मखरासाठी झिरमिळ्या कागदाचे गठ्ठे, अगरबत्त्या, कापूर, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी पांढरी टोपी.

"साडेतीनची चिपळूण," तो म्हणाला. "तिथून रात्रीची गुहागर गावली तर उजाडायच्या आत घरात. देव सकाळी उचलायचा. तीनला चिठ्ठी द्या म्हणजे झालं."

"तुम्ही लाइन द्या, मी चिठ्ठी देतो," मी म्हणालो. हसत म्हणालो.

भर पावसात तो खांबामागून खांब चढत गेला. आमच्या सड्यावरून उताराला, बागांच्या दगडी गडग्यांच्या कडेने, खाली पुलाच्या अंगाला. दर थोड्या वेळाने वाटेतल्या कुठल्यातरी बागायतदाराच्या तारेला आपला फोन अडकवून मला नंबर फिरवायचा. "इथपर्यंत तार बरी हाय. तुमच्याकडे काय म्हणतेय?" मी म्हणायचो, "काही नाही."

दोनच्या सुमाराला वीज गेली.

संगणक आणि मोडेम बॅटरीच्या पेटीवर होते, ते चालू राहिले. कपाटातला बल्ब साध्या विजेवर होता, तो विझला. मी बॅटरी किती भरली आहे ते पाहायला कपाट उघडलं. आत काळोख होता, हिरव्या दिव्यांची रांग होती, आणि टोकाला एक लाल ठिपका स्पष्ट जळत होता.

मला लगेच समजलं. खाली पाहिलं तर बटण रुतलेलं. माझं बोट बटणापर्यंत गेलंही. नुसतं दाबायचं होतं. मुंबईला आवाज गेला असता, मी फोनवर दादाला म्हटलं असतं, परत या, चिठ्ठी तयार आहे. दोन वाजून पाच-दहा मिनिटं झाली होती. सायकलने स्टँड अर्ध्या तासावर.

मी बटण दाबलं नाही.

कारण आत्ता लाइन आपोआप सुरू झाली तर दादा विचारणार, मी कुठेच काही केलं नाही, मग आली कशी? आणि त्याने कालच सर्वांसमोर पेटीबद्दल विचारलं होतं. साहेब माझ्याकडे बघणार. शिपाई गाभाऱ्याची आठवण काढणार. म्हणून मी ठरवलं की दादा कुठेतरी काहीतरी दुरुस्त करील, तेव्हाच दाबायचं. म्हणजे दोष तारेतच राहील. नोकरी जाण्याची भीती होती असं म्हणता आलं असतं तर मला आज थोडं हलकं वाटलं असतं. तशी भीती नव्हती. साहेब दोन शब्द बोलले असते आणि विसरले असते. मला फक्त हसं व्हायचं नव्हतं.

मी कपाट लावून घेतलं आणि किल्ली फिरवली.

अडीचला त्याचा फोन आला. वाऱ्याने आवाज तुटत होता. "मशीनवाले, पुलापर्यंत काय गावत नाय. तार सगळी बरी हाय. आता काय करू?"

तेव्हाही वेळ होती.

मी म्हणालो, "पुलाच्या पलीकडचं बघा."

"माझी गाडी वो..." तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "बरं. बघतो."

तीन वाजले, सव्वातीन, साडेतीन. टेबलाखालची पिशवी माझ्या पायाला लागत होती. मी खुर्ची मागे घेतली. शिपायाने चहा दिला आणि घड्याळाकडे बघून म्हणाला, "गेली त्याची गाडी." मी म्हणालो, "काय करणार? लाइनच तशी आहे." हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. तेव्हाचा माझा आवाजही आठवतो, त्यात सहानुभूती होती.

सव्वाचारला त्याचा फोन आला. "पलीकडच्या टोकाला माझा गेल्या सालचा एक जॉइंट हाय. दुसरं काय गावलं नाय म्हणून तोच कापून नवा केलाय. आता बघा."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, कपाट उघडलं, बटण दाबलं. ते टक् करून बाहेर आलं. वीज तोवर परत आली होती, त्यामुळे लाल दिवा विझलेला दिसलाही नाही. पडद्यावर मुंबईची ओळ आली.

"आली," मी म्हणालो.

"आली?" तो ओरडला. "आली काय? देवा महाराजा!"

पाचला तो निथळत वर आला. मी चिठ्ठी लिहून ठेवली होती. त्याने ती प्लॅस्टिकच्या कागदात घातली, पिशवी उचलली, आतली टोपी चाचपून पाहिली. "हातखंब्याला जातो," म्हणाला. "हमरस्ता हाय, एखादा ट्रक गावंल." मी माझी छत्री देऊ केली. त्याने घेतली नाही. "ट्रकात छत्री कशाला?" म्हणून हसला.

सण आटोपून तो आला तो थेट माझ्या टेबलापाशी. पुडीत प्रसादाचं खोबरं होतं. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. हातखंब्याला ट्रक सकाळी मिळाला. घरी पोचला तेव्हा दुपार टळली होती. देव चुलतभावाच्या मुलाच्या डोक्यावरून आला होता, पूजा झाली होती, पानं उठली होती. आई सकाळी दारात तांब्या घेऊन बसली होती. भटजींनी मुहूर्त टळतोय म्हटल्यावर तिने पुतण्याच्या मुलाचे पाय धुतले.

"मला म्हणाली, देव आला, जेवला, आता तू कशाला आलास, टाळ कुटायला? मग दोन दिवस बोलली नाय."

हे सांगून त्याने खिशातून बोटाएवढी एक वस्तू काढली आणि माझ्यापुढे ठेवली. कापून काढलेला जॉइंट. पट्टी तशीच होती.

"माझ्याच हातचा वो," तो म्हणाला. "वीस वर्षं तारा जोडतोय. आमचा जॉइंट खोटा निघाला नाय कधी. आणि नेमका ह्याच वक्ताला. तुम्ही शिकलेले. सांगा, काय झालं असंल?"

मी जॉइंट हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणालो, "आत ओल गेली असेल."

"तसंच असंल," तो म्हणाला, आणि जॉइंट परत खिशात ठेवला.

त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत तो आमच्या तारेवरचा एकेक जॉइंट सोडून पुन्हा करत होता. कुणी सांगितलं नव्हतं. आपलं काम आटोपल्यावर यायचा. माझ्या खिडकीतून चढणीवरचे चार खांब दिसत. त्यांतल्या कुठल्यातरी खांबावर तो पट्ट्याला टेकून बसलेला असायचा, मेण ऊन करत, तार पिळत. एकदा शिपाई म्हणाला, "दादा, चांगले जॉइंट कशाला कापता?" तो म्हणाला, "आता कुठला चांगला ते कसं सांगू?" पूर्वीचं ते तार तुटण्याचं वाक्य मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

रोज ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, सणाचं जे व्हायचं ते होऊन गेलं, आता सांगून काय? पुढे माझी चिपळूणला बदली झाली. तिथे नव्या पेट्या आल्या, त्यांचा चाचणीचा दिवा लुकलुकणारा होता. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा नजर दुसरीकडे वळवली.

सहा वर्षांनी त्याचं कार्ड आलं. वाकड्या अक्षरांत, "यंदा आमची पाळी आहे. आवस दोन सालांमागे गेली. तुम्ही तेव्हा माझ्यासाठी थांबलात, छत्री देत होतात. घरी या." मी ते कार्ड आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी गेलो.

घर लहान, जांभ्याचं, शेणाने सारवलेलं. देव सुरेख बसला होता. दुपारच्या आरतीनंतर ओटीवर भावकीतले पाच-सहाजण गप्पा मारत होते. एकाने दादाला डिवचलं, "यंदा तरी आणलास बाबा देव. मागच्या वक्ताला जॉइंट सुटला होता ह्याचा." सगळे हसले. तोही हसला. मला कळलं, हा इथला जुना विनोद आहे. सहा वर्षं दर गणपतीला चालत आलेला.

माणसं उठून गेल्यावर मी त्याला सांगितलं. बटण, बल्ब, वीज गेल्याची वेळ, अडीचचा फोन. काही गाळलं नाही. माझी मान खाली होती, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही. चहाचे दोन कप मध्ये होते.

त्याने आपला कप बाजूला सारला. मग म्हणाला, "म्हणजे जॉइंट बरा होता माझा?"

"हो."

"आणि गाडी गावली असती."

"हो."

"आणि ते तुम्हाला दोन वाजता ठाऊक होतं."

"हो, दादा."

तो उठला आणि आत गेला. आतून पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात तो जॉइंट होता. सहा वर्षांनी सुकून कडक झालेली पट्टी त्याने नखाने सोलली, वरचं मेण खरवडलं, आणि ओटीच्या कडेला जाऊन उजेडात धरला. आत तांबं लखलखीत होतं. पीळ घट्ट. ते मला बसल्या जागेवरून दिसलं. त्याने मला दाखवलं नाही.

"चहा घ्या," तो माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला. "निवला असंल."

मी प्यायलो. गार झाला होता.

निघताना त्याच्या बायकोने प्रसादाची पुडी दिली. आमच्या भागात पाहुण्याला स्टॉपपर्यंत पोचवायला जातात. पूर्वी मी कचेरीतून निघालो की तो मला फाटकापर्यंतसुद्धा पोचवायला यायचा. त्या दिवशी तो पायरीशी थांबला, जॉइंट मुठीत धरून. मी हात जोडले. त्याने मान हलवली. मी एकटाच खाली उतरलो.

ओटीवरून त्याचा आवाज मागून आला. भावाला हाक मारत होता, "ए, इकडं ये. हे बघ काय ते."

यंदा त्या घरी पुन्हा पाळी आहे, मी मोजून पाहिलं. मधली एक पाळीही होऊन गेली. कार्ड आलेलं नाही.